रात्री साडेदहाचा पॅच

२०२३ च्या ऑक्टोबरात चार दिवसांच्या अंतरानं दोन गोष्टी घडल्या. पहिली घडली सर्वोच्च न्यायालयात. ६ ऑक्टोबरला सरन्यायाधीश धनंजय चंद्रचूड यांच्या खंडपीठानं देशातल्या सगळ्या उच्च न्यायालयांना बजावलं, की दोन आठवड्यांनंतर कुठल्याही वकिलाला किंवा पक्षकाराला व्हिडिओ कॉन्फरन्सिंगनं हजर राहण्याची सोय नाकारता येणार नाही. हा आदेश निघाला तो चंडीगडच्या एका तक्रारीवरून. पंजाब आणि हरियाणा उच्च न्यायालयानं करोनाच्या काळात सुरू केलेली दूरदृश्य सुनावणी पुढे बंद केली, अशी दाद एका पक्षकारानं थेट दिल्लीत जाऊन मागितली होती.

दुसरी गोष्ट १० ऑक्टोबरची. त्या मंगळवारी, भारतीय घड्याळानुसार रात्री साडेदहाच्या सुमारास, मायक्रोसॉफ्टनं आपल्या दर महिन्याच्या दुरुस्त्या जाहीर केल्या. त्यांतली एक ‘स्काइप फॉर बिझनेस सर्व्हर’साठी होती. मोठ्या संस्थांमधले निरोप, फोन आणि बैठका चालवणारं हे सॉफ्टवेअर. त्यात सापडलेल्या भोकाचा क्रमांक होता सीव्हीई-२०२३-४१७६३. बाहेरच्या कुणी खास रचलेली एक विनंती पाठवली, की सर्व्हर त्याच्या सांगण्यावरून भलत्याच पत्त्यावर जाऊन यायला तयार व्हायचा, आणि त्यातून संस्थेच्या आतल्या जाळ्यातले आयपी पत्ते आणि पोर्ट उघडे पडू शकायचे. या भोकाचा गैरवापर आधीच सुरू झाला आहे, हेही कंपनीनं त्याच दिवशी सांगितलं.

पहिल्या बातमीला वर्तमानपत्रांत ठळक जागा मिळाली. दुसरी वाचली ती सर्व्हर सांभाळणाऱ्या माणसांनी, बहुधा जेवणं उरकून लॅपटॉप उघडल्यावर. कुठलं न्यायालय कुठलं सॉफ्टवेअर वापरतं हा मुद्दा इथे गौण आहे, कारण यंत्रणा कुठलीही असली तरी तिच्यामागची कामं तीच असतात. पडद्यावरून हजर राहण्याचा हक्क कागदावर मिळाला, तरी तो रोज सकाळी प्रत्यक्षात येतो तो या रात्रीच्या कामावर. त्या कामाबद्दल मराठीत फारसं कुणी लिहीत नाही.

चंडीगडच्या सेक्टर १ मधली उच्च न्यायालयाची इमारत वास्तुविशारद ल कॉर्बुझिएची. २०१६ मध्ये युनेस्कोनं जागतिक वारशाच्या यादीत घेतलेल्या कॅपिटॉल कॉम्प्लेक्सचा ती भाग आहे. दोन राज्यं आणि एक केंद्रशासित प्रदेश यांचं मिळून हे एकच उच्च न्यायालय. पाकिस्तानच्या सीमेला लागून असलेल्या फाजिल्कातल्या शेतकऱ्याला इथली तारीख गाठायची तर अडीचशे किलोमीटरहून जास्त प्रवास करावा लागतो. पहाटे निघायचं, दुपारी पुकारा व्हायचा, पाच मिनिटांत पुढची तारीख पडायची आणि रात्री उशिरा घरी. मराठवाड्याच्या टोकावरून मुंबई गाठावी लागली असती तर काय झालं असतं, हे औरंगाबाद खंडपीठाच्या आधीचे दिवस पाहिलेल्यांना सांगायला नको. म्हणूनच ६ ऑक्टोबरच्या आदेशातले बारकावे मोलाचे आहेत. व्हिडिओ कॉन्फरन्सिंगची, म्हणजे व्हीसीची, लिंक रोजच्या कामकाजाच्या यादीतच छापा, त्यासाठी आधी अर्ज मागू नका, वयाची अट घालू नका, आणि लागणारा पैसा राज्य सरकारांनी द्यावा, असं न्यायालयानं म्हटलं.

या हक्काची मुळं महाराष्ट्रात आहेत. मुंबईतल्या एका शल्यविशारदावरच्या खटल्यात न्यूयॉर्कच्या एका कर्करोगतज्ज्ञाची साक्ष हवी होती. ते भारतात यायला तयार नव्हते, साक्ष द्यायला मात्र तयार होते. मुंबई उच्च न्यायालयानं पडद्यावरची साक्ष नाकारली. सर्वोच्च न्यायालयानं १ एप्रिल २००३ रोजी ‘महाराष्ट्र राज्य विरुद्ध डॉ. प्रफुल्ल देसाई’ या निकालात ती मान्य केली. आरोपीच्या ‘उपस्थितीत’ साक्ष घ्यायची म्हणजे साक्षीदार त्याच खोलीत बसलेला असायलाच हवा असं नाही, असा अर्थ तिथे लावला गेला. एकवीस वर्षांनी, १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५३० नं तर खटल्याचं सगळं कामकाज इलेक्ट्रॉनिक माध्यमातून चालवायला वाट करून दिली. आणि इथे पुन्हा चंडीगड येतं. ४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय गृहमंत्र्यांनी ई-साक्ष्य, न्याय सेतू, न्याय श्रुती आणि ई-समन ही अ‍ॅप्स याच शहरात सुरू केली. त्यांतलं न्याय श्रुती साक्षीदार, पोलीस, तज्ज्ञ आणि कैदी यांना व्हीसीवरून न्यायालयासमोर आणण्यासाठी आहे. त्याच वर्षी ३ डिसेंबरला पंजाब इंजिनिअरिंग कॉलेजच्या कार्यक्रमात पंतप्रधानांनी नव्या फौजदारी कायद्यांची अंमलबजावणी देशाला अर्पण केली, तीही चंडीगडमध्येच.

एवढा भार एका ‘व्हीसी’वर.

सरकारी कचेऱ्यांत ‘आज व्हीसी आहे’ हे वाक्य ‘आज मीटिंग आहे’ इतकंच रुळलं आहे. समोर चेहरा दिसला की व्हीसी लागली, नाही दिसला की सर्व्हर डाऊन, एवढीच बहुतेकांची विभागणी. प्रत्यक्षात तो चेहरा दिसण्याआधी सर्व्हरला दोन निराळी कामं करावी लागतात, आणि ती निराळी आहेत हे कळलं की अर्ध्या तक्रारींचा उलगडा होतो.

पहिलं काम बोलावण्याचं. अमक्याला बैठकीत घ्यायचं आहे, तो कुठे आहे, फोनवर की संगणकावर, मोकळा आहे की गुंतलेला, हे विचारायचं आणि उत्तर आणायचं. स्काइप फॉर बिझनेससारख्या यंत्रणा यासाठी ‘सिप’ नावाची बोली वापरतात. तिचे आजचे नियम २००२ च्या जूनमध्ये आरएफसी ३२६१ या दस्तऐवजानं पक्के झाले. या बोलीत शब्द थोडे आणि आकडे जास्त. ‘इन्व्हाइट’ म्हणजे आमंत्रण. उत्तरादाखल १८० आलं तर पलीकडे घंटी वाजते आहे, २०० आलं तर फोन उचलला, ४८६ म्हणजे माणूस गुंतला आहे, आणि ५०३ म्हणजे सेवाच उपलब्ध नाही. बोलणं संपलं की ‘बाय’.

दुसरं काम आवाज आणि चित्र वाहून नेण्याचं. इथे घाई असते. निरोप दोन सेकंद उशिरा पोचला तर कुणाच्या लक्षातही येत नाही, पण आवाजाला एका बाजूनं दीडशे मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, असा आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या जी.११४ या शिफारशीचा दंडक आहे. त्यापुढे गेलं की दोन माणसं एकमेकांवर बोलायला लागतात, एक थांबतो, दुसराही थांबतो, मग दोघं पुन्हा एकदम सुरू होतात. उलटतपासणीत हा अडखळा केवळ त्रासाचा राहत नाही. साक्षीदार खरंच चाचरला की तारेनं त्याला चाचरायला लावलं, हे न्यायाधीशांना कसं कळावं?

बैठकीत पंधरा जण असले की आणखी एक प्रश्न उभा राहतो. जुन्या घडणीचे सर्व्हर सगळ्यांचे आवाज गोळा करून, एकत्र मिसळून, प्रत्येकाला एकच तयार प्रवाह पाठवतात. त्यात सर्व्हर दमतो, पण ऐकणाऱ्याचा साधा फोनही पुरतो. जित्सीसारखी नवी मुक्तस्रोत यंत्रणा टपाल कचेरीसारखी वागते. पाकीट उघडायचं नाही, शिक्का पाहून पुढे धाडायचं. सर्व्हरवरचा भार हलका होतो, पण प्रत्येकाकडे अनेक प्रवाह येतात आणि गावाकडचं नेटवर्क तिथे तोकडं पडतं. संस्थेनं यांतलं काय निवडलं, त्यावर तिच्या सर्व्हरवाल्याचे दिवस आणि रात्री ठरतात.

आता ती मंगळवारची रात्र.

मायक्रोसॉफ्ट २००३ पासून दर महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी दुरुस्त्या एकगठ्ठा काढते. अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावर सकाळचे दहा वाजलेले असतात. चंडीगडमध्ये तेव्हा उन्हाळ्यात साडेदहा आणि हिवाळ्यात साडेअकरा होतात, रात्रीचे. या लोकांच्या भाषेत अशी दुरुस्ती म्हणजे पॅच, आणि तो ‘मारला’ जातो. पण पॅच आला की लगेच मारावा, असा सरळ नियम नाही. घाईनं मारलेल्या दुरुस्तीनं चालती व्हीसी बंद पडल्याचे अनुभव या धंद्यात सगळ्यांच्या गाठीशी असतात. म्हणून आधी चाचणीच्या सर्व्हरवर, मग शनिवारी रात्री खऱ्या सर्व्हरवर, असा शहाणा रिवाज आहे. अडचण होते ती १० ऑक्टोबरसारख्या वेळी. भोक जाहीर झालेलं, चोर आधीच आत येऊन गेलेले, आणि शनिवार चार दिवस लांब. अशा वेळी थांबणं जास्त महागात पडतं. चाचणीचा सर्व्हरच नसेल तर निवड आणखी अवघड, आणि अनेक कचेऱ्यांत तो नसतो. तो मागितला की ‘एक चालतोय ना, मग दुसरा कशाला?’ असं विचारलं जातं. हा प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा पॅचच्या रात्री सर्व्हररूममध्ये येऊन बसायला हवं.

समजा, एखाद्या संस्थेत तीन सर्व्हरांचा पूल, म्हणजे एकत्र काम करणारा गट, आहे. स्काइप फॉर बिझनेसमध्ये पुढच्या फळीच्या या यंत्रांना ‘फ्रंट एंड’ म्हणतात, आणि पुलात किमान तीन ठेवावीत अशी कंपनीची शिफारस आहे. याचं कारण, प्रत्येक वापरकर्त्याची माहिती तीन यंत्रांवर राखली जाते, एक मुख्य आणि दोन राखीव. एक पडलं तर दुसरं सांभाळतं, दोन पडली तर पूल डळमळतो. त्यामुळे पॅच एका वेळी एकाच यंत्रावर मारायचा. आधी सगळ्या मांडणीची प्रत काढून दुसरीकडे ठेवायची. मग पॉवरशेलच्या निळ्या खिडकीत एक आज्ञा टाइप करायची. पूल दुरुस्तीला तयार आहे का, एवढंच ती विचारते. उत्तर ‘रेडी’ आलं तर पुढे जायचं. ‘बिझी’ आलं तर दहा मिनिटं थांबून पुन्हा विचारायचं. सलग तीनदा ‘बिझी’ आलं, किंवा चालू यंत्रं पुरेशी नाहीत असं उत्तर आलं, तर मुळातच काहीतरी बिनसलेलं आहे. मग पॅच बाजूला ठेवून ते शोधायचं. रात्री बाराला दहा-दहा मिनिटं थांबणं सोपं नसतं. पण अपघात होतात ते नेमके ही दहा मिनिटं न थांबणाऱ्यांचे.

‘रेडी’ आल्यावरही यंत्र तडकाफडकी बंद करत नाहीत. सेवा थांबवण्याच्या आज्ञेला ‘ग्रेसफुल’ अशी एक पुस्ती जोडतात. तिचा अर्थ मराठी माणसाला पंगतीच्या भाषेत चटकन कळेल: नवी पंगत बसवायची नाही, पण बसलेल्याला पानावरून उठवायचं नाही. त्या यंत्रावर चालू असलेली बोलणी संपेपर्यंत ते वाट पाहतं, नवं बोलणं मात्र शेजारच्या यंत्राकडे वळवतं. ते रिकामं झालं की पॅच मारायचा, यंत्र पुन्हा सुरू करायचं, सेवा उठल्या का ते पाहायचं, आणि पुलाला पुन्हा तोच प्रश्न विचारून दुसऱ्या यंत्राकडे वळायचं.

तिन्ही झाली की काम संपलं असं वाटतं. नवखी माणसं इथेच फसतात. काही दुरुस्त्यांनंतर मागच्या डेटाबेसचीही रचना बदलावी लागते. ते तपासायची आज्ञा दोन आकडे शेजारी-शेजारी दाखवते, एक अपेक्षित आवृत्तीचा आणि दुसरा प्रत्यक्ष बसवलेल्या आवृत्तीचा. दोन्ही सारखे असले की सुटकेचा श्वास. वेगळे असले तर डेटाबेसची दुरुस्ती बाकी आहे, आणि ती विसरली तर सकाळी काहींना जुन्या बैठका दिसतात, काहींना दिसत नाहीत, आणि तीन दिवस कुणालाच कारण सापडत नाही.

पॅच निदान तारीख सांगून येतो. प्रमाणपत्राचं तसं नाही. प्रत्येक सर्व्हरजवळ एक डिजिटल ओळखपत्र असतं. ‘मी तोच आहे’ हे ते समोरच्याला पटवतं आणि बोलणं गुप्त ठेवायला मदत करतं. त्यावर मुदत लिहिलेली असते आणि ती संपली की सर्व्हर धडधाकट असूनही कुणी त्याच्याशी बोलत नाही. ३ फेब्रुवारी २०२० रोजी खुद्द मायक्रोसॉफ्टची टीम्स ही सेवा काही तास जगभर कोलमडली, आणि कारण निघालं मुदत संपलेलं एक प्रमाणपत्र. जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी एकीकडून नूतनीकरण राहून गेलं, तर जिल्ह्याच्या ठिकाणच्या एकट्या तंत्रज्ञाला दोष देण्याआधी चार वेळा विचार करावा. हे काम पुढे आणखी वाढणार आहे. सार्वजनिक प्रमाणपत्रांची कमाल मुदत ३९८ दिवसांवरून उतरवत न्यायचं, असं प्रमाणपत्र देणाऱ्या संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांच्या मंचानं एप्रिल २०२५ मध्ये ठरवलं. १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, २०२७ च्या मार्चपासून १०० आणि २०२९ च्या मार्चपासून फक्त ४७ दिवस. भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल गोल करून हे जमणार नाही. नूतनीकरण आपोआप करणारी साधनं बसवावीच लागतील, आणि ती साधनं नीट चालतात का हे पाहायला पुन्हा माणूस लागेलच.

घड्याळाची गोष्ट याहून बारीक आहे. संस्थेतल्या संगणकांची ओळख पटवणारी केर्बेरॉस ही व्यवस्था साधारण पाच मिनिटांचा फरक खपवून घेते. सर्व्हरचं घड्याळ त्यापेक्षा पुढे-मागे झालं, की बरोबर पासवर्ड टाकूनही दार उघडत नाही. पण न्यायालयाच्या संदर्भात घड्याळाला आणखी एक वजन येतं. साक्ष किती वाजता सुरू झाली, लिंक किती वाजता तुटली, साक्षीदार परत किती वाजता आला, हे सर्व्हरच्या नोंदीवरून ठरतं. देशाच्या संगणक सुरक्षेवर लक्ष ठेवणाऱ्या सर्ट-इन या संस्थेनं २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांत म्हणूनच तीन गोष्टी घालून दिल्या. घड्याळं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, किंवा राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेच्या वेळेशी जुळवा. नोंदी १८० दिवस जपून ठेवा. घुसखोरी लक्षात आल्यापासून सहा तासांत कळवा. निर्देश आले तेव्हा सहा तासांवरून बरीच ओरड झाली. पण घड्याळ जुळलेलं नसेल, तर हे सहा तास मोजायचे तरी कुठून?

नोंदी जपणं वेगळं, वाचणं वेगळं. स्काइप फॉर बिझनेसच्या तपासणी साधनांत ‘स्नूपर’ नावाचं एक छोटं साधन मिळतं. सर्व्हरची रोजनिशी ते रांगेनं मांडून दाखवतं. नेहमीची एक तक्रार घ्या. तुरुंगातून कैदी जोडला गेला, चित्राची चौकट उघडली, पण आवाज नाही. ‘सर्व्हर डाऊन’ असा शेरा मारून तारीख पुढे ढकलणं सोपं असतं. स्नूपरमध्ये पाहिलं तर दिसतं, की आमंत्रण गेलं, १८० आलं, २०० आलं. म्हणजे बोलावण्याचं काम चोख झालं आहे. आणि अर्ध्या मिनिटात ‘बाय’. याचा अर्थ बिघाड दुसऱ्या कामात आहे. बोलावणं ५०६१ क्रमांकाच्या पोर्टवरून गेलं, ते उघडं होतं. आवाज जायला ३४७८ हे पोर्ट आणि पन्नास हजारांच्या पुढची मोठी रांग लागते, आणि तिथल्या कुठल्यातरी फायरवॉलनं ती अडवली आहे. सर्व्हर ठणठणीत होता, वाटेवरचा दरवाजा बंद होता. ही चौकशी करायला सवयीच्या माणसाला पाच मिनिटं लागतात. पाच मिनिटांची ही चौकशी आणि महिनाभर पुढे गेलेली तारीख, यांच्यातला फरक तुरुंगात बसलेल्या माणसासाठी काय असतो, ते वेगळं सांगायला नको.

नियंत्रणाची चित्रमय खिडकी असताना ही माणसं काळ्या-निळ्या खिडकीत आज्ञा का टाइप करत बसतात, असं बाहेरच्याला वाटतं. त्याचं कारण साधं आहे. एका वापरकर्त्याचं काम असेल तर माउसनं होतं. दोनशे न्यायालय कक्षांना एकसारखी मुभा द्यायची असेल तर माउस हाताला मुंग्या आणतो आणि शंभराव्या टिचकीला चूक होते. आज्ञा एकदा नीट लिहिली की दोनशे वेळा तशीच चालते, आणि काय केलं त्याची लेखी नोंदही मागे राहते. सर्व्हरकडून खोटे फोन करवून घेण्याच्या आज्ञाही आहेत. दोन काल्पनिक वापरकर्ते तयार करायचे, आणि दर काही मिनिटांनी एकानं दुसऱ्याला निरोप पाठवायचा, फोन लावायचा. तो लागला नाही तर माणसांच्या आधी सर्व्हरवाल्याला कळतं. पहाटे चारला कुणीही बोलत नसताना ही दोन नावं इमानानं एकमेकांना हाक मारत असतात.

ही सगळी घडण मात्र आता म्हातारी होत चालली आहे. मायक्रोसॉफ्टची ही वंशावळ २००३ च्या लाइव्ह कम्युनिकेशन्स सर्व्हरपासून सुरू झाली. पुढे २००७ चा ऑफिस कम्युनिकेशन्स सर्व्हर, २०१० आणि २०१३ चा लिंक, मग २०१५ आणि २०१९ चा स्काइप फॉर बिझनेस. शेवटच्या दोन्हींचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी एकदमच संपला. घराघरांत परदेशातल्या मुला-नातवंडांशी बोलायला वापरलेला साधा स्काइप त्याआधीच, ५ मे २०२५ ला, बंद झाला होता. आपलाच सर्व्हर ठेवू इच्छिणाऱ्यांसाठी वर्गणीची एक नवी आवृत्ती २०२५ मध्ये आली. बाकीच्यांना ढगात (क्लाउडवर) जा, म्हणजे टीम्स घ्या, असा कंपनीचा आग्रह आहे. ढगात गेलं की पॅचची रात्र संपते, हे खरं. पण चावी दुसऱ्याच्या हातात जाते. १६ एप्रिल २०२० रोजी केंद्रीय गृह मंत्रालयाच्या सायबर समन्वय केंद्रानं झूम हे सुरक्षित व्यासपीठ नाही, सरकारी अधिकाऱ्यांनी ते कामासाठी वापरू नये, असं बजावलं, तेव्हा हाच प्रश्न ऐरणीवर आला होता. त्यानंतर केंद्रानं देशी साधनासाठी स्पर्धा घेतली आणि ऑगस्ट २०२० मध्ये केरळातल्या आलप्पुळाच्या टेकजेन्शिया कंपनीचं व्हीकॉन्सोल त्यात पहिलं आलं. साधन देशी असो वा परदेशी, विकत घेतलेलं असो वा मुक्तस्रोत, निविदेत बहुतेक वेळा कॅमेरे, पडदे आणि परवाने मोजले जातात. ते सांभाळणारी पक्की जागा मोजली जात नाही. ई-कोर्ट प्रकल्पाच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्रीय मंत्रिमंडळानं १३ सप्टेंबर २०२३ रोजी चार वर्षांकरता ७२१० कोटी रुपये मंजूर केले. एवढ्या पैशात यंत्रं येतील यात शंका नाही. रात्री साडेदहाला कुणाचा फोन वाजणार, हे त्या यादीत स्पष्ट लिहिलेलं हवं.

चंडीगडला खेटून असलेल्या मोहालीत याचं एक दिलासा देणारं उदाहरण आहे. १९८८ मध्ये पुण्यात डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली उभी राहिलेली सी-डॅक ही संस्था मराठी वाचकांना ‘परम’ महासंगणकामुळे ठाऊक आहे. तिच्या मोहाली केंद्रानं ‘ई-संजीवनी’ ही दूरवैद्यकाची यंत्रणा घडवली. नोव्हेंबर २०१९ मध्ये ती आरोग्य केंद्रांसाठी सुरू झाली. गावातल्या केंद्रावरची आरोग्य अधिकारी रुग्णाला समोर बसवून जिल्ह्याच्या किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉक्टरांशी पडद्यावर जोडून देते. टाळेबंदी लागली आणि दवाखान्यांची दारं बंद झाली, तेव्हा १३ एप्रिल २०२० ला रुग्णाला थेट घरून डॉक्टरांशी बोलता येईल अशी ओपीडीही तिच्यात आली. फेब्रुवारी २०२३ पर्यंत ई-संजीवनीवरच्या सल्ल्यांचा आकडा १० कोटींवर गेला. इतक्या मोठ्या यंत्रणेत पॅच मारताना बोलणं तुटलं, तर पलीकडे कुणीतरी औषधाचं नाव लिहून घेत असतं. तिथे पंगतीचा नियम काटेकोर पाळावाच लागतो. आणि ज्यांनी यंत्रणा घडवली त्यांच्याच हाती ती सांभाळणंही राहिलं, तर ती टिकायला किती मदत होते, हे मोहालीकडे पाहून कळतं.

पॅचच्या दुसऱ्या दिवशी सकाळी, कामकाज सुरू व्हायच्या तासभर आधी, अनुभवी सर्व्हरवाला एक गोष्ट न चुकता करतो. कचेरीतल्या संगणकावरून व्हीसी लावून पाहत नाही, कारण आतून ती नेहमीच लागते. तो इमारतीबाहेर येतो, खिशातला साधा फोन काढतो, वाय-फाय बंद करतो आणि मोबाइलच्या डेटावर, यादीत छापलेली तीच लिंक उघडतो. सीमेवरच्या गावातला पक्षकार ज्या वाटेनं येणार, त्याच वाटेनं. प्रतीक्षा-खोली उघडते. आतला सहकारी विचारतो, ‘आवाज येतोय का?’ तो ‘येतोय’ म्हणतो, मग कॅमेरा बंद करून पुन्हा चालू करतो, एकदा मुद्दाम बाहेर पडून परत आत येतो, सेकंद मोजतो. नंतर आत जाऊन आपल्याच फोनची नोंद रोजनिशीत शोधतो. आमंत्रण, १८०, २००, आणि शेवटी ‘बाय’. वेळ भिंतीवरच्या घड्याळाशी जुळते का ते पाहतो, कागदावर तारीख घालून सही करतो, आणि पहिल्या खटल्याचा पुकारा व्हायच्या आत चहा घ्यायला जातो.